थांबणारी माणसं

माझं नाव ओठ मिटून सुरू होतं. ज्यांना सरळ बोलता येतं त्यांना वाटेल, यात सांगण्यासारखं काय आहे? पण ज्याची जीभ अडते त्याच्यासाठी पहिला आवाज म्हणजे उंबरठा असतो. ओठ मिटतात, मागे हवा साठते, गळा आवळतो. शब्द आत तयार उभा असतो, पण दार उघडत नाही. ‘पाणी’ अडलं तर ‘तहान लागलीय’ म्हणता येतं. ‘पुस्तक’ अडलं तर ‘ते निळ्या कव्हरचं’ म्हणता येतं. अडखळणारी मुलं अशा पळवाटांत फार लवकर तरबेज होतात. दहाव्या वर्षी मला एकेका शब्दाचे चार-चार पर्याय पाठ होते. नावाला मात्र समानार्थी शब्द नसतो. म्हणून जगातला सगळ्यात साधा प्रश्न, ‘नाव काय गं तुझं?’, मला सगळ्यात अवघड जायचा.

मी तोतरं बोलते. हा शब्द मी आज न लाजता लिहू शकते, यात माझ्यापेक्षा माझ्या शाळेचा वाटा मोठा आहे. काल शाळेचा शेवटचा दिवस झाला. त्याआधी निरोप समारंभात मनोगत सांगायला प्रत्येकाला दोन मिनिटं मिळाली होती. माझ्या दोन मिनिटांत जेमतेम आठ वाक्यं झाली. राहिलेलं इथे लिहितेय. लिहिताना मी अडत नाही.

आधी थोडं या अडखळण्याविषयी, कारण त्याबद्दल भलत्याच समजुती आहेत. साधारण ५ टक्के मुलं लहानपणी कधी ना कधी अशी अडखळतात. सुरुवात बहुधा दुसऱ्या ते पाचव्या वर्षांत होते आणि त्यातली बहुतेक मुलं पुढे आपोआप सरळ बोलू लागतात. मोठ्या माणसांत हे प्रमाण सुमारे १ टक्का उरतं. त्यातही बायका कमी, साधारण चार पुरुषांमागे एक. म्हणजे मी त्या एक टक्क्यातलीही अल्पसंख्य. मुलगी घाबरली म्हणून असं झालं, कुणाची तरी नक्कल केली म्हणून लागलं, आईने फार रागावलं म्हणून बसलं, असं घरी येणाऱ्या प्रत्येकाने आईला ऐकवलं होतं. तिने कित्येक वर्षं स्वतःला दोष दिला. तोतरेपणाचं मूळ मेंदूच्या जडणघडणीत आणि बऱ्याच अंशी आनुवंशिकतेत असतं, हे स्पीच थेरपिस्टने समजावलं तेव्हा ती तिथेच, त्यांच्या टेबलासमोर, रडायला लागली. भीतीने अडखळणं वाढतं हे खरं आहे. सुरू मात्र ते भीतीमुळे होत नाही.

आधीच्या शाळेत मला कुणी छळलं नाही. उलट फार जपलं. प्रकट वाचनाच्या तासाला एकेक मूल उठून परिच्छेद वाचायचं, माझी पाळी आली की बाई हळूच म्हणायच्या, “तू राहू दे हं बाळा,” आणि मागचा मुलगा उठायचा. पहिल्यांदा केवढी सुटका वाटली होती! मग ते रोजचंच झालं. हजेरी घेताना माझ्या नावापाशी त्या नुसती मान वर करून बघायच्या आणि खूण करायच्या. मी समोर बसलेली दिसत होतेच, मग विचारायचं कशाला? चौथीच्या अखेरीस निम्म्या वर्गाला माझा आवाज कसा आहे हे माहीत नव्हतं. त्या बाईंवर माझा राग नाही. आपण या मुलीला वाचवतोय असंच त्यांना मनापासून वाटत होतं. पण ज्या मुलाला कधीच कुणी पुकारत नाही, त्याला हळूहळू वाटायला लागतं की आपण वर्गात आलो काय आणि नाही आलो काय, सारखंच.

पाचवीत मी या शाळेत आले. पहिल्या दिवशी आईने हातात चिठ्ठी दिली होती, ‘मुलगी बोलताना अडखळते, कृपया सांभाळून घ्यावे.’ आमच्या वर्गशिक्षिका बाईंनी ती वाचली, घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि मधल्या सुट्टीत मला व्हरांड्यात बोलावलं.

“ही चिठ्ठी आईची झाली. तुझं काय म्हणणं आहे?”

माझं म्हणणं आजवर कुणी विचारलं नव्हतं. मी गप्प.

“हजेरीला काय करूया? हात वर करशील, की हजर म्हणशील? की त्या-त्या दिवशी जे जमेल ते?”

मी बराच वेळ काही बोलू शकले नाही. त्या थांबल्या. लोक थांबतात तेव्हा बहुतेक वेळा त्यांचं थांबणं अंगावर येतं. ते घड्याळ बघतात, ओठांकडे टक लावतात, नाहीतर सुचवायला लागतात. ‘श्वास घे’, ‘सावकाश बोल’, ‘घाबरू नकोस’. बाईंनी यातलं काहीच केलं नाही. माझ्या डोळ्यांकडे पाहत उभ्या राहिल्या, जणू त्यांना त्या व्हरांड्यातच उभं राहायचं होतं.

“ह... ह... हजर,” मी म्हणाले.

“बरं. मग मी थांबत जाईन.”

आणि त्या थांबत गेल्या. पटावर माझा नंबर ३१. तो पुकारला की सगळ्या वर्गात एक शांतता पसरायची. पहिल्या आठवड्यात मला त्या शांततेची इतकी लाज वाटायची की कानशिलं तापायची. मागून एका मुलाने मदत म्हणून “हजर!” असं माझ्या वतीने सांगून टाकलं. बाई त्याला रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “तिला येतो तो शब्द,” आणि पुन्हा माझ्याकडे पाहत थांबल्या. वर्गाला माझ्याविषयी कधी भाषण दिलं नाही, ‘आपण हिला समजून घ्यायचं बरं का’ असलं काही नाही. त्या रोज थांबत होत्या आणि ४८ मुलं रोज बघत होती. दिवाळीच्या सुट्टीनंतर माझ्या लक्षात आलं की नंबर ३१ ला कुणी मागे वळून बघत नाही. कुणी वही उघडतंय, कुणी पेन्सिलीला टोक काढतंय. ती शांतता राहिली होती, पण तिच्यातली नजर गेली होती.

नववीत ग्रंथालयातल्या एका मासिकात मी मेरी बड रो या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बाईंच्या कामाविषयी वाचलं आणि जागीच उभी राहिले. त्यांनी शेकडो वर्गांमधले तास टेपवर ध्वनिमुद्रित करून ऐकले होते. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीची ही गोष्ट. शिक्षक प्रश्न विचारतात, त्यानंतर उत्तरासाठी किती वेळ थांबतात, हे त्यांनी मोजलं. सरासरी जेमतेम एक सेकंद! तेवढ्यात कुणी बोललं नाही की शिक्षक प्रश्न पुन्हा विचारतात, दुसऱ्याला उठवतात किंवा स्वतःच उत्तर सांगून मोकळे होतात. हा वेळ नुसता तीन सेकंदांपर्यंत वाढवला, तर मुलांची उत्तरं लांब होतात, जास्त बरोबर येतात, ‘माहीत नाही’ कमी होतं, आणि एरवी कधीच न बोलणारी मुलं बोलायला लागतात. तीन सेकंद. हे अडखळणाऱ्या मुलांवरचं संशोधन नव्हतं, सगळ्यांसाठीचं होतं. पण मी ते वाचताना आमचा वर्ग आठवत होते. आमच्याकडे मधल्या बाकावरचा एक अबोल मुलगा सहावीत अचानक गणिताची उत्तरं द्यायला लागला होता आणि सगळ्यांना नवल वाटलं होतं. बाईंना माझ्यासाठी थांबायची सवय लागली, ती त्याच्याही वाट्याला आली असणार, असं मला आता वाटतं.

काल रात्री मी एक हिशेब केला. हजेरीला माझ्यामुळे सरासरी सात सेकंद जास्त जात असतील. वर्षाचे साधारण २१० दिवस, सहा वर्षं. म्हणजे ८,८२० सेकंद, २ तास २७ मिनिटं. पण तेवढा वेळ वर्गातल्या प्रत्येकाचाच गेला. ४८ जणांचा मिळून ११७ तासांच्या वर. ही फक्त हजेरी. वाचन, प्रश्नोत्तरं, प्रयोगाच्या तोंडी परीक्षा यात धरलेल्याच नाहीत. शाळा म्हणजे घंटेवर चालणारी जागा. पस्तीस मिनिटांचा तास, पोर्शन संपायचा असतो, चाचणी तोंडावर असते. अशा जागी माझ्या नावावर एवढा वेळ जमा झाला आणि कुणी तो कधी बोलून दाखवला नाही. माझ्यावर इतका खर्च आणखी कुणी कशाचा केला असेल, मला सांगता येत नाही.

शाळेत एक वेळ अशी होती जेव्हा मी मुळीच अडखळत नसे. परिपाठ. सगळी शाळा मैदानावर रांगेत उभी, एका सुरात प्रार्थना, आणि त्या आवाजात माझा आवाज सरळ, एकाही खाचेशिवाय. लहानपणी मला हा चमत्कार वाटायचा. त्यात चमत्कार नाही. तोतरं बोलणाऱ्यांचं अडखळणं दुसऱ्यांबरोबर एकसुरात बोलताना जवळजवळ नाहीसं होतं, गातानाही तसंच. आपल्या मेंदूला शब्द सुरू करण्याची वेळ साधताना जी अडचण येते, ती बाजूचा आवाज बरोबर असला की हलकी होते, असं त्याचं एक स्पष्टीकरण थेरपिस्ट ताईंनी मला दिलं होतं. शास्त्र काहीही असो, मला त्या वयात एवढंच कळत होतं की एकटी असते तेव्हा माझा आवाज अडतो आणि सगळ्यांमध्ये असते तेव्हा अडत नाही.

बाईंनी ते हेरलं. पाचवीच्या दुसऱ्या सत्रात त्यांनी प्रकट वाचनात जोडीवाचन सुरू केलं, आणि फक्त माझ्यासाठी नव्हे, सगळ्या वर्गासाठी. बाकावरच्या दोघांनी मिळून परिच्छेद वाचायचा. माझ्या शेजारी नंबर ३२. तिच्याबरोबर वाचताना मी पहिल्यांदा वर्गात अख्खा परिच्छेद वाचला. खाली बसल्यावर माझे पाय थरथरत होते. पुढे काही आठवड्यांनी ती मधूनच आवाज लहान करायला लागली. आधी शेवटच्या दोन शब्दांना, मग अर्ध्या वाक्याला. एक दिवस लक्षात आलं की गेल्या चार ओळी मी एकटीच वाचतेय. लक्षात आलं त्या क्षणी अडले, पण तोवर चार ओळी होऊन गेल्या होत्या. किती हुशारीने केलंस हे, असं मी तिला आठवीत म्हणाले, तर ती हसायला लागली. “हुशारी कसली! माझा दम संपायचा. तू फार भरभर वाचायचीस.” मला तिचं हे उत्तर फार आवडतं. मी भरभर वाचायचे!

ग्रंथालयात वेगळी गोष्ट. तिथे पुस्तक तोंडी मागावं लागायचं. मी बोटाने दाखवायचे, आणि बोट नेहमीच चुकीच्या पुस्तकाकडे जायचं. अशी किती नको असलेली पुस्तकं मी मुकाट्याने घरी नेली आणि वाचली! ग्रंथपाल बाईंनी एकदा विचारलं, “तुला खरंच खनिजांत इतका रस आहे?” मी मान हलवली, नाही. त्यांनी काउंटरवर एक वही आणि दोऱ्याने बांधलेली पेन्सिल ठेवली. ‘मागणी वही’, वर सुवाच्य अक्षरात लिहिलेलं. ज्याला हवं त्याने पुस्तकाचं नाव लिहावं. माझ्या मागे लगेच रांग लागली, कारण लाजाळू मुलं काही मी एकटीच नव्हते. ती वही सात वेळा भरून बदलली गेलीय. शेवटच्या दोन वर्षांत मी तिच्यात लिहिणं सोडून दिलं आणि तोंडी मागायला लागले. ग्रंथपाल बाई चष्म्यावरून बघत थांबायच्या. पण वही अजून तिथेच आहे, आणि असावी.

आठवीतला एक तास माझ्या वर्गमित्रांनाही आठवत असेल. संगणकाच्या सरांनी सगळ्यांना प्रयोगशाळेत बोलावलं, हेडफोन लावायला दिले आणि मायक्रोफोनसमोर एक उतारा वाचायला सांगितला. बोलणाऱ्याचा आवाज त्याच्याच कानात सुमारे ०.२ सेकंद उशिरा येईल अशी सोय त्यांनी केली होती. वक्तृत्व स्पर्धेत दर वर्षी बक्षीस मिळवणारी आमची मैत्रीण पहिली बसली. तिसऱ्या शब्दाला ती अडली. ‘म-म-मनुष्य’ म्हणाली, शब्द ताणायला लागली, हेडफोन काढून टाकला. मग एकामागून एक सगळे. कुणी अडखळलं, कुणाचे शब्द जडावले, कुणी वाचणंच सोडून दिलं. आपला आवाज उशिरा ऐकू आला की सरळ बोलणारा माणूसही तोतरं बोलायला लागतो, हे १९५० च्या सुमारास लक्षात आलेलं आहे. काही तोतरं बोलणाऱ्यांना या युक्तीने उलट मदत होते. मला तिने फारसा फरक पडला नाही. सरांनी माझं नाव घेतलं नाही, माझ्याकडे पाहिलंही नाही, ध्वनीचा धडा म्हणूनच सगळं केलं. तास संपल्यावर ती वक्तृत्ववाली जिन्यात मला गाठून म्हणाली, “शब्द माहीत होता गं मला. तरी येत नव्हता.” मी म्हणाले, “हो.” यापेक्षा जास्त आम्ही त्यावर कधी बोललो नाही.

सगळेच असे होते असं म्हणाले तर ते खोटं ठरेल. एक मुलगा सहावीपासून माझी नक्कल करायचा, हुबेहूब. त्याच्या नकलेला लोक हसायचे, आणि मला वाईट याचं वाटायचं की ती खरोखरच चांगली जमलेली होती. त्याने कधी माफी मागितली नाही. नववीत केव्हातरी त्याने ते बंद केलं, का ते मला माहीत नाही. आम्ही आजही एकमेकांशी फारसं बोलत नाही. काल जाताना त्याने दुरून हात हलवला, मीही हलवला. एका बदली शिक्षकांनी तर तोंडी परीक्षेत ‘आधी बोलायला शिकून ये’ म्हणून मला परत पाठवलं होतं. त्या दिवशी मी रडत व्हरांड्यात बसले होते तेव्हा प्रयोगशाळेतले मदतनीस काका येऊन शेजारी बसले. काही बोलले नाहीत. परीक्षानळ्या पुसत बसले, आणि मला दोन पुसायला दिल्या.

मोठ्या माणसांच्या एका वाक्याने मुलाचं काय होऊ शकतं, याची एक भयंकर नोंद आहे. १९३९ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात वेंडेल जॉन्सन या प्राध्यापकाच्या मार्गदर्शनाखाली मेरी ट्यूडर या विद्यार्थिनीने एका अनाथालयातल्या २२ मुलांवर एक प्रयोग केला. त्यातल्या सरळ बोलणाऱ्या काही मुलांना पुन:पुन्हा सांगण्यात आलं की तुमचं बोलणं बिघडलंय, तुम्ही तोतरं बोलायला लागला आहात, नीट बोलता येत नसेल तर बोलूच नका. तोतरेपणा ऐकणाऱ्याच्या टोकण्यातून जन्मतो का, हे तपासायचं होतं. मुलं काही कायमची तोतरी झाली नाहीत. पण ती गप्प झाली. बोलणं टाळायला लागली, वर्गात मागे राहायला लागली. जॉन्सन स्वतः तोतरे होते, हे वाचून मला जास्तच त्रास झाला. हे काम तेव्हा प्रसिद्ध केलं गेलं नाही; विद्यापीठाने जाहीर माफी मागितली ती २००१ मध्ये. पुढे या प्रयोगाला ‘मॉन्स्टर स्टडी’ हेच नाव पडलं. ती मुलंही रोज शाळेत जात होती. त्यांच्या हजेरीपटावरही नंबर असतील. त्यांच्यासमोर जर कुणी नुसतं थांबलं असतं तर, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

माझ्या बाबतीत थांबण्याचा कळस आमच्या शिपाईकाकांनी केला. सातवीत, शेवटच्या तासाला मी पहिल्यांदा एकटीने निबंध वाचत होते. शेवटून दुसऱ्या वाक्यात अडले, आणि असं अडले की पुढे-मागे काही हलेना. वर्गाच्या दारातून घंटा दिसते. काका दोरी हातात धरून उभे होते, शाळा सुटायची वेळ होऊन गेली होती. बाहेर दुसऱ्या वर्गांतली मुलं दप्तरं आवरून चुळबुळ करायला लागल्याचा आवाज येत होता. काकांनी दारातून माझ्याकडे पाहिलं. घंटेचा लोळा दुसऱ्या हाताने धरून ठेवला. माझी दोन वाक्यं झाली, मी वही मिटली, आणि मग घंटा झाली. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी त्यांना विचारलं म्हणे, काल घंटेला उशीर कसा झाला? काका म्हणाले, “घड्याळ मागे पडलं होतं.” हे मला तीन वर्षांनी कळलं, त्यांच्याकडून नाही.

शाळेने मला बरं केलं नाही. माझं अडखळणं तसंच आहे. थेरपिस्ट ताईंनी शिकवलेल्या गोष्टी, श्वास सोडता सोडता शब्द हलकेच सुरू करणं, मुद्दाम थोडं अडखळून घेऊन भीती कमी करणं, यांनी त्याची धार बोथट झालीय एवढंच. काही दिवस चांगले जातात, काही दिवस ‘हो’सुद्धा निघत नाही. पुढे कॉलेजात नव्या लोकांसमोर पुन्हा पहिल्यापासून नाव सांगायचं आहे, आणि मला त्याची भीती वाटते. पण पाचवीत आले तेव्हाची भीती वेगळी होती. तेव्हा मला वाटायचं, मी अडले की समोरचा माणूस निघून जाईल. आता मला माहीत आहे की माणसं थांबतात. सगळी नाही, पण थांबतात. मी अशी माणसं पाहिलीत, सहा वर्षं रोज.

निरोप समारंभातल्या त्या आठ वाक्यांत मी बाईंचे, ग्रंथपाल बाईंचे, संगणकाच्या सरांचे, प्रयोगशाळेतल्या काकांचे आणि शिपाईकाकांचे आभार मानले. वर्गमित्रांचे मानायचे राहिले, वेळ संपली. सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीने मला थांबवलं नव्हतं. मीच चिठ्ठी मिटली, कारण माझ्यामागे अजून बरेच जण होते आणि त्यांच्या दोन मिनिटांवर त्यांचा हक्क होता. शिपाईकाका सभागृहाच्या मागच्या दाराशी उभे होते. त्यांचा उल्लेख झाल्यावर ते बाहेर निघून गेले.

काल शेवटची हजेरी. दहावीला आम्हाला पुन्हा त्याच बाई वर्गशिक्षिका म्हणून मिळाल्या होत्या. त्यांनी पट उघडला आणि सांगितलं, “आज मी नंबर पुकारेन, हजर म्हणायचं नाही. प्रत्येकाने आपलं पूर्ण नाव सांगायचं. मला एकदा सगळ्यांच्या तोंडून ऐकायचंय.”

तीस जणांची नावं झाली. काहींचे आवाज घोगरे झाले होते. मी बाकाची कड धरून बसले होते.

“एकतीस.”

मी उभी राहिले. ओठ मिटले, आणि मिटलेलेच राहिले. पंखा फिरत होता. शेजारी ३२ नंबर बसली होती. तिने पहिलं अक्षर नुसतं माझ्याबरोबर म्हटलं असतं तरी मी सुटले असते, हे तिला माहीत होतं, मलाही. तिने म्हटलं नाही. तिचा हात बाकावर माझ्या हाताशेजारी होता, तसाच राहिला. पुढच्या बाकावर कुणीतरी दप्तराची चेन लावत होतं. सात सेकंदांपेक्षा जास्त झाले असतील, बरेच जास्त. बाई थांबल्या होत्या, व्हरांड्यात थांबल्या होत्या तशाच. मग मी श्वास सोडला आणि माझं नाव सांगितलं, वडिलांचं नाव आणि आडनावासकट, मधे दोनदा अडून, पूर्ण.

बाईंनी पटावर खूण केली.

“बत्तीस.”